नव्या इंजिनाचे पहिले तेल

स्मरणिकेत कुलवृत्तांत, संतचरित्रे आणि वधूवरांच्या याद्या वाचावयास मिळतात, त्यात इंजिनाच्या तेलाची कथा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यास आमचे उत्तर असे की, तेल हा आपल्या तेली समाजाचा पिढीजात विषय आहे. आपल्या वाडवडिलांनी घाण्यावर तेल काढले, त्यांच्या मुलांनी घाण्यास इंजिन जोडले, आणि आज आपल्या समाजात असे घर विरळाच की ज्याच्या दारात मोटारसायकल, रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर किंवा मोटार यांपैकी काहीच उभे नाही. खाण्याच्या तेलाकडून यंत्राच्या तेलाकडे झालेला हा प्रवास आपलाच आहे.

दुसरे कारण अधिक व्यवहाराचे आहे. नवे वाहन घरी आले की पुष्कळ घरांत एक वाद हमखास उपस्थित होतो. गावातला जुना मिस्त्री सांगतो, “पहिले तेल लवकर काढून टाका, त्यात लोखंडाचा कीस उतरतो.” कंपनीची पुस्तिका वाचणारा मुलगा म्हणतो, “दहा हजार किलोमीटरपर्यंत तेलास हात लावावयाचा नाही, असे येथे छापले आहे.” वडील मिस्त्रीची बाजू घेतात आणि मुलगा पुस्तकाची. वाहन बहुधा कर्ज काढून घेतलेले असते, म्हणून कोणाचे ऐकावे हा प्रश्न थट्टेचा राहत नाही. आमच्या मते या वादाचा निकाल तर्काने लागण्यापेक्षा इतिहासाने लवकर लागतो. म्हणून तो इतिहास जमेल तितक्या सोप्या शब्दांत येथे मांडीत आहोत.

जात्याची टाकी आणि घाण्याचा गाळ

ज्या माउल्यांनी घरच्या जात्यावर दळण केले आहे त्यांना या विषयाचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. जाते गुळगुळीत झाले की त्यास टाकी लावावी लागे. टाकी लावल्यावर पहिले दळण कोणी घरात खात नसे. मूठ दोन मूठ कोंडा किंवा भरड धान्य आधी दळून ते टाकून देत, कारण त्यात दगडाची कच उतरलेली असे. पाळू एकमेकींवर बसल्या, सुटे कण निघून गेले, म्हणजे मग पोळीचे पीठ दळावयाचे. त्याचप्रमाणे घाण्यावरून उतरलेले ताजे तेल गढूळ असते. ते काही दिवस स्थिर ठेवून गाळ तळाशी बसू द्यावयाचा आणि वरचे नितळ तेल काढून घ्यावयाचे, हे आपल्या घरातील लहान मुलासही ठाऊक असे.

नवे इंजिन हेही एक प्रकारचे टाकी लावलेले जातेच आहे. फरक इतकाच की जात्याची कच पिठात डोळ्यांनी दिसते व दातांखाली लागते. इंजिनाची कच बंद पेटीतील तेलात फिरत राहते आणि ती कोणासही दिसत नाही.

तेल वाहून जाई तो काळ

यंत्राच्या आरंभकाळी हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. जेम्स वॉट याच्या वाफेच्या इंजिनाची खरी अडचण अशी होती की, त्याचा मोठा सिलिंडर आतून नीट गोल कापता येत नसे. ते काम १७७५–७६ च्या सुमारास जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने करून दाखविले. पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरात एका जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीएवढीही चूक नाही, अशी ग्वाही वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने दिली. त्या काळी एवढी अचूकता हा चमत्कारच होता. आज कोणत्याही मोटारसायकलच्या सिलिंडरात नाण्याच्या जाडीएवढी फट राहिली तर ते इंजिन सुरूही होणार नाही. त्या वेळी दट्ट्याभोवती तागाचा काथ्या गुंडाळून त्यावर चरबी ओतीत. पुढे १८५० नंतरच्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे अभियंत्याने दट्ट्यास धातूच्या कड्या बसविल्या. आपण आज ज्यांना रिंगा म्हणतो त्या याच. लोखंडाची कडी लोखंडाच्या भिंतीवर घासू लागली, आणि दोघींनी एकमेकींस अनुरूप होईपर्यंत झिजावे लागणार हे तेव्हापासून ठरून गेले.

तथापि त्या काळचे वंगण एकदाच वापरले जाई. तेलवाला हातात झारी घेऊन यंत्राभोवती फिरे व सांध्यासांध्यांत थेंब सोडी. तेल सांध्यातून पाझरून खाली गळे आणि आपल्याबरोबर सुटलेला कीसही घेऊन जाई. आपल्या बैलगाडीचा न्याय तोच होता. गाडीस टांगलेल्या नळ्यातील वंगण आसास लावावे, ते धूळ व लोखंड खाऊन काळे पडावे, ते पुसून टाकावे आणि नवे लावावे. वंगण वाया जाई खरे, परंतु वाया जाता जाता ते सफाईचेही काम करी.

या काळात वनस्पतींच्या तेलांस यंत्राच्या जगातही मान होता. एरंडेल हे घट्ट व चिवट तेल असून उष्णतेतही पृष्ठभागास धरून राहते, म्हणून यंत्रांच्या आसांस ते वापरीत. पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांची फिरती इंजिने एरंडेलावर चालत. त्या इंजिनांत तेल एकदा आत गेले की धुराड्यावाटे बाहेर पडे. त्या युद्धात अमेरिकेने एरंडाचे बी हिंदुस्थानातून मागवून आपल्या देशात लावले होते. चार्ल्स वेकफिल्ड याने १९०९ मध्ये आपल्या वंगणास कॅस्ट्रॉल हे नाव दिले, तेही एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच. दुसरीकडे १८५९ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात एडविन ड्रेक याच्या विहिरीस खनिज तेल लागले. आपल्या देशात आसामातील दिग्बोई येथे १८८९ मध्ये तेल लागले व १९०१ मध्ये तेथे शुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. खनिज तेल स्वस्त होते व टिकाऊ होते. त्याने हळूहळू चरबी आणि एरंडेल या दोघांचीही जागा घेतली.

तेल फिरू लागले आणि प्रश्न उभा राहिला

इतिहासाचे वळण येथे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात बोशॅम्प टॉवर हा अभियंता रेल्वेच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी उलट वर उसळून आले. त्याने बुचाने भोक बंद केले, तो बूच बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. मग त्याने दर चौरस इंचास दोनशे पौंडांपर्यंत दाब मोजणारे मापक लावले, तर त्याचा काटा अखेरच्या आकड्यास जाऊन भिडला. याचा अर्थ असा की फिरता आस धातूवर टेकतच नाही. तो स्वतःच तेलाचा पातळ थर आपल्याखाली ओढून घेतो व त्यावर तरंगतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकाने १८८६ मध्ये याचे गणित मांडले.

हा थर किती जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे पुढील सर्व कथा उलगडते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाडीचा असतो. चालत्या बेअरिंगमधील तेलाचा थर मात्र पुष्कळदा काही थोड्या मायक्रॉनांचाच असतो. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा लोखंडाचा कण त्या थरात शिरला तर तो दोन्ही बाजूंस घासतो, चरा पाडतो, आणि त्या चऱ्यातून आणखी कण सुटतात. एका कणाचे असे अनेक होतात.

दरम्यान १८९० मध्ये बर्मिंगहॅमच्या बेलिस कारखान्यातील आल्बर्ट पेन याने पंपाच्या दाबाने तेल सांध्यांत पोहोचविण्याची युक्ती काढली. वेगवान यंत्रांना ती वरदान ठरली. तेल खालच्या पेटीत साठावे, पंपाने वर चढावे, सांध्यांतून फिरून पुन्हा पेटीत यावे, असे चक्र सुरू झाले. तेलाची नासाडी थांबली. परंतु पूर्वी जो कीस गळून जमिनीवर पडत होता, तो आता तेलाबरोबरच पुन्हा पुन्हा सांध्यांत जाऊ लागला.

हेन्री फोर्ड याची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ मोटार १९०८ मध्ये निघाली आणि १९२७ पर्यंत दीड कोटींहून अधिक गाड्या बनल्या. तिच्या इंजिनास तेलाचा पंप नव्हता आणि तेलाची गाळणीही नव्हती. फिरते चाकच पेटीतले तेल उडवी आणि ते सर्वत्र शिंपडले जाई. त्या चाकावर ठिणगीसाठी लागणारी वीज निर्माण करणारे सोळा लोहचुंबक बसविलेले असत. त्यामुळे तेलातील काही लोहकण त्यांस चिकटत, एवढाच काय तो बंदोबस्त. अशा गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत मालकास सूचना असे की, गाडी नवी असता काही शे मैल धावताच खालची पेटी रिकामी करावी, आणि त्यानंतर मात्र अधिक लांब अंतराने करीत जावी. पहिले तेल लवकर काढण्याचा नियम हा असा कारखान्यानेच छापून दिलेला होता. मिस्त्री लोकांनी तो मनाने रचलेला नव्हे, हे तरुणांनी ध्यानात घ्यावे.

गाळणीचा शोध त्यानंतरचा. १९२३ मध्ये अर्नेस्ट स्वीटलँड व जॉर्ज ग्रीनहाल्ग या दोघांनी तेल गाळण्याचे उपकरण सिद्ध केले व त्यास प्यूरोलेटर असे नाव दिले. १९२४ च्या क्रायस्लर मोटारीत तेलाची गाळणी आली. आरंभीच्या बहुतेक गाळण्यांतून एका वेळी तेलाचा थोडाच भाग जाई, उरलेले तेल न गाळताच सांध्यांकडे वळे. सर्व तेल गाळूनच पुढे सोडण्याची पद्धत सर्वत्र रुळण्यास दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ उजाडावा लागला.

कीस येतो कोठून

नव्या इंजिनाच्या पहिल्या तेलात जे सापडते त्याची उगमस्थाने तीन आहेत. पहिले, ओतशाळेची वाळू. इंजिनाचा ठोकळा वाळूच्या साच्यात ओततात, आणि सफाई अपुरी राहिली तर कोपऱ्यांत वाळूचे कण दडून बसतात. दुसरे, कारखान्यातील कापणीचा कीस. भोके पाडताना, आटे पाडताना व घासताना निघालेले धातूचे तुकडे पूर्ण धुतले गेले नाहीत तर ते तेलाच्या वाटांत राहतात. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे उगमस्थान म्हणजे पृष्ठभागच.

वरून आरशासारखा दिसणारा सिलिंडरही सूक्ष्मदर्शकाखाली सह्याद्रीच्या डोंगररांगेसारखा दिसतो. त्यात शिखरे असतात व दऱ्या असतात. नवी रिंग त्या भिंतीवर बसते तेव्हा ती केवळ शिखरांवर टेकलेली असते. इंजिन चालू लागताच शिखरे मोडतात व त्यांचे तुकडे तेलात उतरतात. पुरेशी शिखरे सपाट झाली म्हणजे भार मोठ्या जागेवर पसरतो आणि झीज एकदम कमी होते. दऱ्या मात्र राहाव्याच लागतात, कारण त्यांत तेल साठते. आपले मिस्त्री यासच “इंजिन मोकळे झाले” असे म्हणतात. ॲबट आणि फायरस्टोन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये शिखरांचा किती भाग झिजला म्हणजे किती जागा टेकते, हे आलेखाने दाखविले. १९४१ मध्ये इंग्लंडातील टेलर हॉब्सन कंपनीने पृष्ठभागावरून सुई फिरवून हे डोंगर कागदावर उतरविणारे यंत्र बाजारात आणले.

यंत्राच्या आयुष्याच्या यावरून तीन अवस्था ठरतात. बाल्यावस्थेत झीज पुष्कळ, तारुण्यात अगदी अल्प, आणि वार्धक्यात पुन्हा वाढती. बाल्यावस्थेतील झीज हा रोग नव्हे. ती घडावीच लागते. मात्र ती हळू घडावी आणि तिचा मळ वेळेवर बाहेर पडावा, एवढीच मालकाची जबाबदारी. “गाडी अजून रनिंगमध्ये आहे, चाळीसच्या वर पळवू नका,” ही जुनी ताकीद त्यासाठीच होती. इंग्लंडात तर एके काळी नव्या मोटारीच्या मागे, गाडी नवी आहे, कृपया पुढे जा, अशा अर्थाची पाटी लावीत. फार जोर लावला तर शिखरे मोडण्याऐवजी वितळून एकमेकांस चिकटतात व दट्ट्या जाम होतो. उलट रिकामे इंजिन तासन् तास मंद चालू ठेवले तर रिंगांवर पुरेसा दाबच येत नाही. मग भिंत काचेसारखी चकचकीत होते आणि इंजिन तेल पिऊ लागते. यास्तव मध्यम भार, बदलता वेग आणि मोठ्या चढावर सक्तीची विश्रांती, हाच त्यावरील उत्तम उपाय ठरला.

तेलातील कणांवरून यंत्राची प्रकृती ओळखण्याचे शास्त्रही यातूनच जन्मास आले. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे वेस्टर्न या रेल्वेने १९४० नंतरच्या दशकात डिझेल इंजिनांच्या तेलाचे नमुने जाळून, त्यांच्या प्रकाशावरून आत कोणते धातू आहेत हे तपासण्यास आरंभ केला. लोखंड वाढले तर सिलिंडर व रिंगा झिजत आहेत, ॲल्युमिनियम वाढले तर दट्ट्या, तांबे व शिसे वाढले तर बेअरिंग, आणि सिलिकॉन वाढले तर बाहेरची धूळ किंवा ओतकामाची वाळू. वैद्याने नाडीवरून दोष सांगावा तसा हा प्रकार होय. १९६६ मध्ये इंग्लंडात पीटर जोस्ट यांच्या समितीने घर्षण, झीज व वंगण या तिन्हींच्या एकत्रित शास्त्रास ट्रायबॉलॉजी हे नाव दिले. आपल्या पूर्वजांच्या हातांना जी गोष्ट माहीत होती ती अशा रीतीने विद्यापीठांत शिकविली जाऊ लागली.

आपल्या अंगणातील इंजिन

आता आपल्या प्रांताकडे वळू. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कारखान्याची स्थापना १९४६ मध्ये झाली. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातही डिझेल इंजिने बनू लागली. सौराष्ट्रात राजकोटच्या छोट्या कारखान्यांनी लिस्टर या इंग्रजी इंजिनाच्या धर्तीवर एका सिलिंडरची, मंद गतीची व जड चाकांची इंजिने काढली. विहिरीवरची मोट गेली, पिठाची गिरणी आली. धुराड्याच्या तोंडावर डबा लावून तिचा ‘पुक् पुक्’ आवाज चार गावांस ऐकू जाईल अशी सोय केली जाई. आपल्या समाजातील ज्यांच्याजवळ थोडेसे भांडवल होते त्यांनी बैल सोडून घाण्यास इंजिनाचा पट्टा जोडला.

हे स्थित्यंतर सुखाचे नव्हते. बैल थकला तर थांबतो, आणि थांबल्यावर त्यास वैरण व विश्रांती द्यावी हे धन्यास कळते. इंजिन थकत नाही, ते एकदम मोडते. तेव्हाच्या मालकांपैकी पुष्कळांना अक्षरओळख बेताची असल्याने इंजिनाबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका ट्रंकेत राही. अशा वेळी गावोगाव फिरणाऱ्या मिस्त्रीचे तोंडी ज्ञान हेच शास्त्र होते. नवे इंजिन बसविल्यावर थोडे तास चालवून पहिले तेल काढावे, बाजूचे झाकण उघडून पेटी आतून फडक्याने पुसावी, फडक्यावर वाळू किंवा चमक दिसेनाशी होईपर्यंत पुसत राहावे, आणि मग नवे तेल भरावे, असा त्यांचा दंडक असे. शिडकाव्याने तेल पोहोचणाऱ्या व गाळणी नसलेल्या इंजिनांस हा दंडक अक्षरशः लागू होता. चार शेर तेल वाचविण्यासाठी ज्यांनी तो पाळला नाही, त्यांना पुढे बेअरिंग व लायनर यांचा खर्च सोसावा लागला. घाण्यासाठी दागिने गहाण ठेवून इंजिन घेणाऱ्या घरास असा खर्च म्हणजे एका पिढीची पीछेहाट होती. ज्यांनी तो पाळला त्यांची इंजिने मुलांच्या हाती आली.

दुचाकींचा इतिहास थोडा निराळा आहे. १९६० नंतर आपल्या रस्त्यांवर ज्या स्कूटरी दिसू लागल्या त्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळून जाळले जाई. म्हणजे तेल वाहून जाण्याचा तो जुनाच न्याय तेथे चालू होता, आणि इंजिनाचे पहिले तेल बदलण्याचा प्रश्न तेथे येत नसे. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० ही चार फेऱ्यांच्या इंजिनाची मोटारसायकल आली. पुढे तिच्यासारख्या गाड्यांनी बाजार व्यापला, तेव्हा पेटीतील तेल काढून बदलणे हा सामान्य मध्यमवर्गीय घराचा विषय झाला. या बहुतेक मोटारसायकलींत एकच तेल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांची सेवा करते. नव्या गिअरच्या दातांचा कीस, क्लचच्या पट्ट्यांची भुकटी आणि रिंगांची झीज हे सारे एका लिटरभर तेलात उतरते. म्हणूनच दुचाकींचे पहिले तेल आजही बहुधा पाचशे ते हजार किलोमीटरच्या आसपास बदलण्यास सांगतात.

कारखान्याने आपल्याकडे घेतलेले काम

मग मोटारीचे पहिले तेल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्षापर्यंत कसे जाऊ शकले? जुन्या मिस्त्रीस येथे संशय येतो, आणि तो स्वाभाविक आहे. परंतु उत्तर सरळ आहे. पूर्वी सिलिंडरची शिखरे मालक रस्त्यावर मोडीत असे, आता ती कारखाना आधीच मोडून देतो. सिलिंडरच्या भिंतीवर तिरप्या जाळीसारख्या रेषा पाडून नंतर बारीक दगडाने फक्त शिखरे कापून टाकण्याची पद्धत मोठ्या उत्पादनात रूढ झाली. त्यामुळे माथे सपाट होतात आणि तेल धरणाऱ्या दऱ्या कायम राहतात. ठोकळे जोरदार फवाऱ्याने धुतले जातात. जोडलेले इंजिन पुष्कळ कारखान्यांत विजेच्या मोटारीने फिरवून तपासतात. गाळणीतून सर्व तेल जाते. तेलातही फरक पडला. १९३० नंतरच्या दशकात कॅटरपिलर ट्रॅक्टरांच्या डिझेल इंजिनांत रिंगा काजळीने चिकटू लागल्या, तेव्हा मळ अंगावर घेऊन तरंगत ठेवणारी तेले निघाली. पुढे जस्ताची अशी संयुगे तेलात मिसळू लागले की, जी धातूवर संरक्षक लेप चढवितात. काही कंपन्या तर नव्या इंजिनात मुद्दाम निराळ्या घटकांचे तेल भरतात व ते लवकर काढू नये असे स्पष्ट बजावतात.

आमच्या विवेचनाचे सार असे की, पहिले तेल म्हणजे कारखान्यात राहून गेलेले काम होय. ते काम जितके कारखान्याने उरकले तितके पहिले तेल पुढे ढकलले गेले, आणि जेथे ते आजही मालकावर सोपविलेले आहे तेथे जुना दंडक आजही खरा आहे. मिस्त्री आणि पुस्तिका यांच्यात विरोध नाही. दोघे निरनिराळ्या काळच्या इंजिनांविषयी बोलत आहेत.

यावरून कुटुंबांनी व्यवहारात काय करावे? नव्या मोटारीच्या बाबतीत पुस्तिका प्रमाण मानावी. तिने सांगितल्यापेक्षा उशीर तर मुळीच करू नये, आणि तिने मनाई केली नसताना कोणी आपल्या समाधानासाठी थोडे लवकर तेल बदलले तर त्यास हसू नये. दुचाकी, ट्रॅक्टर व शेतीचे इंजिन यांची पहिली मुदत कधीही चुकवू नये. जुन्या इंजिनास बोअर करून नव्या रिंगा टाकल्या असतील तर ते पुन्हा नवे झाले असे समजावे. गल्लीतील कारखान्यात मोठ्या कारखान्यासारखी धुलाई होत नाही, म्हणून तेथे जुन्या मिस्त्रीचेच ऐकावे, आणि तेलाबरोबर गाळणीही बदलावी. तेल गरम असताना काढावे, म्हणजे मळ तळाशी न बसता बाहेर येतो. काढलेले पहिले तेल उन्हात धरून पाहावे. त्यात बारीक चंदेरी चमक असेल तर घाबरण्याचे कारण नाही, ती बाल्यावस्थेची खूण आहे. पण नखास टोचेल असा तुकडा किंवा सळईसारखी किसाची काडी सापडली तर इंजिन चालवू नये, जाणत्यास दाखवावे. आणखी एक विनंती. काढलेले काळे तेल शेतात, गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते विषारी असून कायद्यानेही घातक कचरा मानलेले आहे. ते साठवून तेल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्यावे.

शेवटी आपल्या समाजातील तरुणांस दोन शब्द. आज आपली मुले अभियांत्रिकीची पदवी घेऊन मोठमोठ्या कारखान्यांत काम करीत आहेत, ही समाजास भूषणावह गोष्ट आहे. त्यांनी मायक्रॉन मोजावेत, आलेख काढावेत. परंतु ज्या मिस्त्रीने इंग्रजीचे एक अक्षर न वाचता पेटी फडक्याने पुसून घेतली, तो अज्ञानी होता असे त्यांनी समजू नये. गाळणीचे काम त्याने हाताने केले आणि आपल्या घरांचे भांडवल राखले. असे वृद्ध कारागीर अद्याप गावोगाव आहेत. त्यांच्याजवळ बसून त्यांनी पाहिलेली इंजिने, केलेली कामे आणि बांधलेले आडाखे समाजाच्या तरुणांनी लिहून काढावेत, आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेस त्यातील निवडक मजकूर धाडावा, एवढी आमची नम्र सूचना आहे.